कर्ता नसलेलं वाक्य

प्रश्न : मी एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात १९ वर्षं आहे. कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि आठ महिन्यांपूर्वी त्याच कक्षात कक्षाधिकारी झाले. ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला, कॅपच्या (उत्तरपत्रिकांच्या केंद्रीय तपासणीच्या) दिवसांत रात्री नऊपर्यंत गठ्ठे मोजले, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या फेब्रुवारी २०२३ च्या परीक्षा-बहिष्कारात गेटवर बसले, तीच माणसं आता मला 'मॅडम' म्हणतात आणि म्हणताना एकमेकांकडे बघून हसतात.

पदोन्नतीनंतर लगेच आमची दोन दिवसांची कार्यशाळा झाली. विषय होता 'ऑथेंटिक लीडरशिप'. वक्ते म्हणाले, मुखवटा काढा, आहात तसे दिसा, मनात असेल ते बोला. मला ते फार पटलं. पहिल्याच सोमवारी मी सगळ्यांना सांगितलं की ही खुर्ची मला झेपेल की नाही याची भीती वाटते, नव्या सॉफ्टवेअरमधलं मला ओ की ठो कळत नाही, सांभाळून घ्या. केबिन घेतली नाही, जुन्या टेबलावरच बसले. उपकुलसचिव आमच्यापैकी कोणाबद्दल काय बोलले तेही पारदर्शकता म्हणून कक्षाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. दोन महिन्यांत कक्षात दोन तट पडले. रजेचा अर्ज कोणी देत नाही, 'काल बोलले होते ना तुला' एवढ्यावर भागवतात.

त्यात मागच्या सत्राला एक प्रकार झाला. एका महाविद्यालयाने एका विषयाचे अंतर्गत गुण पोर्टलवर चढत नाहीत म्हणून सही-शिक्क्याचा कागद मुदतीत हातपोच आणून दिला. तो माझ्या सर्वांत जवळच्या मैत्रिणीने घेतला, पोच दिली आणि नोंद करायची विसरली. ६४ मुलांचे निकाल राखीव राहिले. आढावा बैठकीत विचारणा झाली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "कॉलेजकडून गुण उशिरा आले." मग टिपणीतही तसंच लिहावं लागलं. निकाल आठवड्याभरात लागले. पण आता त्या महाविद्यालयाला खुलाशाची नोटीस गेली आहे आणि दंडाचं चाललं आहे. मैत्रीण मात्र माझ्याशी धड बोलत नाही.

मी तिला वाचवलं, माणसासारखी वागले, तरी असं का? आणि मी आता खरी राहू की साहेब होऊ?

— एक कक्षाधिकारी

उत्तर :

ताई, तुमचं मूळ पत्र साडेतीन पानांचं आहे. वर त्याचा गोषवारा दिला आहे, आणि ओळख पटेल असं सगळं गाळलं आहे. त्या साडेतीन पानांतली जवळजवळ दोन पानं कार्यशाळेवर आहेत आणि त्या टिपणीवर पाच ओळी. माझं उत्तर उलट्या मापानं जाईल.

टिपणीतलं वाक्य तुम्ही जसंच्या तसं उतरवून पाठवलंत, बरं केलंत. "संबंधित महाविद्यालयाकडून अंतर्गत गुण विहित मुदतीत प्राप्त न झाल्याने सदर ६४ विद्यार्थ्यांचे निकाल राखून ठेवण्यात आले." मी ३१ वर्षं एका विद्यापीठाच्या कचेरीत असलीच वाक्यं लिहिली, तपासली आणि त्यांच्याखाली सह्या केल्या. त्यामुळे त्यांचा वास मला लांबून येतो. आपल्या कार्यालयीन मराठीत चूक कोणी करत नाही, ती होते. 'अनवधानाने राहून गेले', 'तांत्रिक कारणास्तव विलंब झाला', 'कामाच्या व्यापात निदर्शनास आले नाही'. शाळेत आपल्याला कर्मणी प्रयोग शिकवतात तो बहुधा पुढे नोकरीत लागणार म्हणूनच. त्यात कर्ता लपवता येतो.

पण तुमचं वाक्य याहून एक पायरी खाली गेलं आहे. नुसता कर्ता लपवला असता तर कोणी डोळेझाक केली असती. तुम्ही आपला कर्ता काढून तिथे दुसऱ्याचा बसवलात. ज्या महाविद्यालयाने पोर्टल चालत नाही म्हणून माणूस पाठवून कागद मुदतीत पोचता केला, त्यालाच तुम्ही उशीर करणारं ठरवलंत. तिथेही कोणीतरी परीक्षेचं काम बघणारा लिपिक असेल. तोच एसटीने तो कागद घेऊन आला असेल, खिडकीपाशी उभा राहिला असेल, आणि आता प्राचार्यांच्या दालनात 'तू दिलास ना रे वेळेत?' या प्रश्नाला उत्तर देत असेल. त्याच्या खिशात, नाहीतर फाइलला, तुमच्याच कक्षाचा शिक्का आणि तारीख असलेली पोच आहे. हे तुमच्या लक्षात आलेलं आहे असं मी धरून चालतो, कारण पत्रात 'पोच दिली' हे दोन शब्द तुम्ही गाळले नाहीत. गाळता आले असते.

तेव्हा तुम्ही मैत्रिणीला वाचवलं असं मला दिसत नाही. तिच्या चुकीचं बिल तुम्ही ओळख नसलेल्या माणसाच्या नावावर फाडलंत. ती तुमच्याशी बोलत का नाही, तेही मला यातच सापडतं. आता ती तुमची मिंधी झाली आहे. तिची चूक तुमच्या मुठीत आहे आणि तुमचं खोटं तिच्या. अशा दोन माणसांना एका डब्यात जेवणं जड जातं.

इथे मला माझ्या पहिल्या साहेबांबद्दल सांगायला हवं. सदरात स्वतःच्या आठवणी घुसडायची मला खोड आहे, वाचक तक्रारही करतात. पण ही आठवण इथलीच आहे.

१९८७ ची गोष्ट. मी नुकता लागलो होतो. तेव्हा गुण हाताने लेजरमध्ये चढवायचे. जाड पुठ्ठ्याची, दोन माणसांनी उचलावी अशी लेजरं. एक जण गुणपत्रिकेवरून मोठ्याने वाचायचा, दुसरा लिहायचा आणि मग उलटपडताळणी. एका दुपारी माझा जोडीदार लवकर गेला म्हणून मी एकट्यानेच पन्नासेक आसनक्रमांक चढवले, आणि त्यात ६२ चे २६ केले. मुलगी नापास झाली. दोन महिन्यांनी तिचे वडील आले. डोक्याला रुमाल, हातात पिशवी, पिशवीत मुलीच्या आधीच्या वर्षांच्या सगळ्या गुणपत्रिका. ते भांडत नव्हते. एकेक गुणपत्रिका काढून माझ्यासमोर मांडत होते आणि एवढंच म्हणत होते, "साहेब, ही अशी पोरगी आहे बघा."

आमचे कक्षाधिकारी खिटखिट्या स्वभावाचे होते. किरकोळ रजा मागितली की तोंड कडू करायचे. त्यांना मुलं किती, घर कुठे, हे मला त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी कळलं. मनातलं बोलणं वगैरे त्यांच्या गावी नव्हतं. त्यांनी लेजर उघडलं, मूळ कागद मागवला, दोन्ही आकड्यांवर बोट ठेवलं आणि खिडकीतून त्या गृहस्थांना म्हणाले, "चूक आमची आहे. मुलगी पास आहे. दुरुस्त गुणपत्रिका मिळेपर्यंत तसं पत्र आज देतो, ते घेऊनच जा." मग टिपणी लिहायला मला बसवलं. मी लिहिलं, 'नजरचुकीने गुणांची नोंद चुकीची झाली आहे'. त्यांनी ते खोडलं आणि स्वतःच्या हाताने वर लिहिलं, "लिपिकाने नोंद चुकीची केली. पडताळणी करून घेण्याची जबाबदारी माझी होती, ती मी पार पाडली नाही." खाली सही, तारीख.

वरून त्यांना ताकीद मिळाली, मलाही मिळाली. संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं आणि असं काही झाडलं की कान आजही गरम होतात. पण ते चार भिंतींत. दुसऱ्या दिवसापासून कोणीही एकट्याने लेजर उघडायचं नाही हा नियम झाला, आणि तो त्यांनी स्वतःलाही लावला. त्यानंतर त्या कक्षात चूक झाली की माणूस आपणहून उठून त्यांच्या टेबलाशी जायचा. कोणी प्रेमापोटी जात नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की खिडकीत एक, बैठकीत दुसरं आणि कागदावर तिसरं असं या माणसाकडे होत नाही.

तुमच्या कार्यशाळेतल्या शब्दासाठी मला तेच साहेब आठवतात. मुखवटा काढलेला वगैरे काही नव्हता त्यांनी. कपाळावरची आठी निवृत्तीपर्यंत तशीच होती.

कार्यशाळांवर माझा राग नाही, मीही अशा चार-दोन भरवल्या आहेत. दुपारच्या जेवणात श्रीखंड असेल तर उपस्थिती चांगली राहते, हा माझा अनुभव. पण त्या विषयाचं नीट वाचन केलं तर तो वक्त्यांनी सांगितला तेवढा सोपा नाही. वालुम्ब्वा, अव्होलिओ या नेतृत्वाच्या अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली या अस्सल नेतृत्वाचं मोजमाप करायला १६ विधानांची प्रश्नावली तयार केली. तिच्यात चार गोष्टी धरल्या आहेत. स्वतःची पारख असणं. दुसऱ्यांशी वागण्यात मोकळेपणा. निर्णयाआधी आपल्या मताच्या विरुद्ध जाणारी माहितीही ऐकून घेणं. आणि चौथी, बाहेरच्या दबावापेक्षा आपल्या आतल्या नीतीच्या मापाने चालणं. कार्यशाळेत पहिल्या दोन गोष्टी सकाळी होतात, त्यावर खेळ घेता येतात, माणसं रडतातसुद्धा. उरलेल्या दोन जेवणानंतरच्या सुस्तीत वाहून जातात. तुम्ही मोकळेपणा घेऊन आलात. त्या आढावा बैठकीत लागणार होती ती चौथी.

आणि मोकळेपणाचीही तुम्ही जरा गल्लत केलीत. उपकुलसचिव तुमच्याजवळ बोलले ते तुमच्या कक्षाच्या कामाबद्दल असेल, तर ते कामाच्या भाषेत खाली पोचवणं तुमचं काम आहे. 'स्थलांतर प्रमाणपत्रांना आपल्याकडे तीन आठवडे लागतात, ते दहा दिवसांवर आणायचंय' हे सांगायला हवं. 'साहेब अमक्याला कामचुकार म्हणाले' हे ग्रुपवर टाकणं ही चुगली झाली, मग टाकताना मन कितीही स्वच्छ असो. ज्याच्याबद्दल लिहिलं तो दुखावला. बाकीच्यांनी मनात नोंद केली की आपण या बाईला काही सांगितलं तर तेही असंच वर जाईल. तुमचे दोन तट तिथून पडले असावेत असा माझा अंदाज. तो मजकूर ग्रुपवरून काढून काही उपयोग नाही, स्क्रीनशॉट निघाले असणार. ज्याचं नाव होतं त्याला एकटं गाठून सरळ माफी मागा. 'माझा हेतू तसा नव्हता' हे वाक्य मात्र त्यात नको.

भीतीचं काय? पहिल्या सोमवारी तुम्ही जे बोललात त्यातला अर्धा भाग मला आवडला. सॉफ्टवेअर येत नाही हे कबूल करणं चांगलंच. तुमच्या कक्षात अकरा महिन्यांच्या करारावर आलेली पोरं ते डोळे मिटून चालवतात, आणि १९ वर्षं नोकरी झालेल्या बाईने त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून 'हे कसं केलंस, परत दाखव' म्हणणं याने त्यांची मान ताठ होते. पण 'ही खुर्ची मला झेपेल का' हे बारा-पंधरा माणसांना विचारायचं नसतं. त्यांच्या हातात त्याचं उत्तर नाही, नुसती काळजी आहे. कोणी त्या काळजीने सैल पडलं, कोणी हात धुऊन घेतले. ती भीती घरी बोला, जुन्या एखाद्या सेवानिवृत्त बाईंकडे जाऊन बोला, मला पत्र लिहा. कक्षात बोलायचीच असेल तर तिच्यापाठोपाठ पुढचं पाऊल यायला हवं. 'हिवाळी सत्राचं वेळापत्रक मी पहिल्यांदाच लावतेय. शुक्रवारी कच्चं देईन, सोमवारपर्यंत त्यातल्या चुका दाखवा.' एवढ्याने भीतीही कळते आणि कामही पुढे सरकतं.

आता टिपणीकडे परत. काय करायचं ते सांगतो, आणि यात मी काही मवाळ करून सांगणार नाही.

आधी मैत्रिणीला भेटा. ऑफिसात नको आणि फोनवरही नको. तिला सांगा की मी ती टिपणी दुरुस्त करतेय. तिची परवानगी मागायची नाही. बरेच जण इथे घसरतात. 'तुला चालेल का?' विचारलंत तर उद्याच्या खुलाशाचं ओझंही तिच्याच डोक्यावर जाईल. तिला हे आधी तुमच्या तोंडून कळायला हवं, एवढाच तिचा हक्क, आणि तो पुरा द्या. ती रडेल, कदाचित बरंच काही बोलेल. 'गेटवर शेजारी बसलेलो आपण,' हेही येईल. ऐकून घ्या.

मग पुरवणी टिपणी. शब्द कमी ठेवा. मी लिहिली असती तर अशी लिहिली असती : "दि. अमुकच्या टिपणीत गुण मुदतीत प्राप्त झाले नाहीत असे मी नमूद केले होते. ते वस्तुस्थितीला धरून नाही. महाविद्यालयाने गुणांचा कागद मुदतीत दिला होता व या कक्षाने त्याची पोच दिली आहे. नोंद या कक्षाकडून राहिली. हातपोच आलेल्या कागदांची रोजची पडताळणी होत नव्हती, ती व्यवस्था लावणे माझे काम होते. बैठकीतील माझे विधानही चुकीचे होते. महाविद्यालयास दिलेली नोटीस मागे घ्यावी, अशी विनंती आहे." पोचेची प्रत जोडा. मैत्रिणीचं नाव टिपणीत नसलं तरी चालेल. विचारलं तर खरं सांगायचं, आणि विचारतील. पण 'नोंद राहिली' आणि 'ते माझं काम होतं' ही दोन्ही वाक्यं शेजारी-शेजारी हवीत. पहिलंच लिहिलंत तर पुन्हा कोणीतरी एकटं उघडं पडेल.

ती टिपणी आवक-जावकमधून पाठवू नका, हातात घेऊन उपकुलसचिवांकडे जा. ते भडकतील, कारण बैठकीत तुमच्या शब्दावर तेही पुढे बोलले असणार. 'आता झालं ते झालं, कशाला उकरता?' असंही म्हणतील. हे वाक्य मीही एकदा हाताखालच्या माणसाला म्हटलं आहे, त्याची मला आज लाज वाटते. त्यावर तुमचं उत्तर तयार ठेवा : पोच महाविद्यालयाकडे आहे. त्यांनी खुलाशाला ती जोडली की विषय संपला. तसं झालं नाही तरी त्या ६४ मुलांपैकी एखाद्याच्या पालकाने माहितीच्या अधिकारात कागद मागितले की फाइलबरोबर टिपण्याही जातात. नीतीचं बोलणं साहेबांना त्या क्षणी उपदेश वाटेल. हे मात्र पटेल. यात काही खोटं नाही, दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत.

तुम्हाला ताकीद मिळू शकते. गोपनीय अहवालात एखादा शेरा येऊ शकतो. 'काही होणार नाही' असं मी म्हणणार नाही, कारण मला मिळाली होती. आपल्या संस्थांमध्ये खरं बोलणाऱ्याचं कौतुक करायची पद्धत नाही. फार तर पुढच्या वेळी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतात, आणि तेही तीन-चार वर्षांनी.

हातपोच कागदांसाठी एक वही घाला. तारीख, कोणी आणला, कोणी घेतला, पोर्टलवर कधी चढला. रोज पाच वाजता शेवटचा रकाना तुम्ही स्वतः बघा. हे इतकं साधं आहे की सांगायला संकोच वाटतो. पण ६४ मुलांचे निकाल या एका रकान्यापायी अडकले होते.

मूळ पत्रात डब्याबद्दल तुम्ही काळजीने विचारलंय, तेव्हा तेही. डबा सोडू नका. पण रोज त्याच चौघींत बसू नका. कंत्राटी पोरं कुठे जेवतात ते कधी पाहिलंत का? माझ्या वेळी जिन्याखाली जेवायची. आठवड्यातून एकदा तिथे जा, आणि तिथे गेलात की एक पथ्य पाळा : 'तुमचं कायम व्हायचं बघते मी' असं चुकूनही म्हणू नका. ते तुमच्या हातात नाही. माझ्या पाहण्यात या एका वाक्याने भल्या भल्या साहेबांची पत गेली. करार संपायच्या महिनाभर आधी त्याच्या मुदतवाढीचा प्रस्ताव वेळेत पाठवणं तुमच्या हातात आहे, तो पाठवा आणि पाठवला की त्यांना जावक क्रमांक सांगा.

केबिन घ्या. जुन्या टेबलावर बसून तुम्ही साधेपणा दाखवत होता, पण कोणाला घरची अडचण सांगायची असेल तर त्याने ती सगळ्यांच्या कानांदेखत सांगायची का? केबिनचं दार उघडं ठेवा, गरज पडली की लोटून घ्या. माझ्या साहेबांनी मला झाडलं ते चार भिंतींत, हे मी उगाच नाही सांगितलं. रजाही लेखी अर्जानेच द्या, आणि पहिला लेखी अर्ज तुमचा स्वतःचा असू द्या. उपकुलसचिवांच्या नावे लिहून तो कक्षातल्या सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवलात तरी पुरे.

राहता राहिलं गेट. मूळ पत्रात तुम्ही लिहिलंय, टोमणे मारणारे म्हणतात, तेव्हा घोषणा देत होतीस आणि आता हजेरी मागतेस. यात लाजण्यासारखं मला काही दिसत नाही. सातव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि आश्वासित प्रगती योजना (पदोन्नती न मिळाल्यास ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी) या मागण्या तेव्हा रास्त वाटल्या असतील तर आजही रास्त आहेत म्हणा, वरच्या मजल्यावरही म्हणा. तिथे जाऊन 'या लोकांना कामच नको असतं' या बोलण्यात मान हलवलीत तर मात्र टोमणे खरे ठरतील. मान हलवणं हा बोलण्याचाच प्रकार आहे, ते खाली पोचतंच. आणि पुन्हा बहिष्कार झाला तर हजेरीपटावर जे घडलं तेच तुमच्या सहीने जाईल, हे आजच, शांततेच्या दिवसांत, सगळ्यांना सांगून ठेवा.

अजून एक, जरा लांबचं, पण तुमच्या चुकीची मुळी तिथे आहे असं मला वाटतं. त्या बैठकीत तुम्ही खोटं का बोललात? तुम्हाला खोटं बोलायची सवय नसावी, तसं असतं तर हे पत्र आलं नसतं. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ अधिनियमात निकाल ३० दिवसांत लावायचा प्रयत्न करा आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत लावा असं आहे. ते पंचेचाळीस दिवस परीक्षा विभागात माणसाच्या मानेवर बसलेले असतात. आढावा बैठकीत प्रत्येक जण आपल्याकडची तारीख दुसऱ्याकडे ढकलत असतो, तुम्हीही ढकललीत. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उन्हाळी परीक्षांच्या सगळ्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं एकदम ठरवलं. पंचेचाळीस दिवस केव्हाच उलटले. कुलपतींनी, म्हणजे राज्यपालांनी, ३१ जुलै ही तारीख घालून दिली, तीही हुकली, आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पद सोडावं लागलं. तारीख वरून येते. गठ्ठे मात्र खालीच मोजावे लागतात, आणि मोजणारा माणूस तोंड उघडेपर्यंत वरच्यांना सगळं ठीक चाललंय असंच वाटत असतं. पुढच्या सत्रात पंधराव्या दिवशीच वर लेखी कळवा : इतके गठ्ठे, इतकी माणसं, या गतीने अमुक दिवस लागतील, परीक्षक आणखी इतके हवेत. विसाव्या दिवशी 'होणार नाही' म्हणणाऱ्यावर साहेब ओरडतात. चव्वेचाळिसाव्या दिवशी म्हणणाऱ्याला मग कोणतंतरी महाविद्यालय शोधावं लागतं.

तुम्ही विचारलंत, खरी राहू की साहेब होऊ. माझ्या साहेबांना हा प्रश्न विचारला असता तर त्यांनी आधी विचारलं असतं, आज हातपोच किती आले आणि चढले किती.

मैत्रीण परत बोलेल का, ते मला सांगता येणार नाही. माझा तो लवकर निघून गेलेला जोडीदार वर्षभर माझ्याशी बोलत नव्हता, कारण चौकशीत त्याचंही नाव आलं. पुढे त्याच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीत वाढायला होतो. पण हे असं दर वेळी होतं असं नाही.

त्या महाविद्यालयाला नोटिशीचं उत्तर द्यायला कधीपर्यंत मुदत दिली आहे, ते तुमच्या पत्रात नाही. उद्या ऑफिसात गेल्या गेल्या आधी ती तारीख बघा. तुमची टिपणी त्याच्या आत गेली पाहिजे.